मासळीच्या गाडीला फॉर्मेलिनची पट्टी लागते, थर्मामीटर कधी लागणार?

जून उजाडला की पश्चिम किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौका बंदरात ओढल्या जातात. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तिन्हीकडे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी. विणीचा हंगाम असतो, त्यामुळे बंदी असावी याबद्दल फारसं दुमत नाही. पण नेमका याच दिवसांत आषाढ येतो. श्रावण लागण्याआधी खाऊन घ्यायची घाई असते, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीपासून सावंतवाडी, म्हापसा, मडगावपर्यंत मासळीची मागणी चढीच राहते. पूर्व किनाऱ्याची बंदी मात्र १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते. म्हणजे इकडची बंदरं शांत असताना आंध्र, तमिळनाडू, ओडिशाच्या नौका समुद्रात असतात. त्यांचा मासा बर्फात घालून, अख्खं दख्खन ओलांडून, ट्रकने आपल्या बाजारात येतो. विक्रेत्याच्या पाटीत पडेपर्यंत त्याला पकडून किती दिवस झाले, हे ना विकणाऱ्याला माहीत असतं ना घेणाऱ्याला.

मग दर पावसाळ्यात तोच संवाद ऐकू येतो. गिऱ्हाईक बांगड्याचा कल्ला उचलून बघतं, आत पांढरट किडा दिसतो, आणि पाटी बाजूला सारली जाते. "घ्या की ओ वैनी, ताजाच हाय," म्हणून विक्रेती सांगत राहते, पण वैनी पुढे गेलेल्या असतात. त्याच संध्याकाळी किड्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. सोबत एखादा जुना व्हिडिओही येतो, फॉर्मेलिनचा. दोन दिवस बाजार बसतो.

किडा आणि फॉर्मेलिन या दोनच गोष्टींना लोक घाबरतात. मासळीतून माणसाला खरोखर आजारी पाडणारी गोष्ट तिसरीच आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, वासाला नेहमी कळत नाही, आणि तिन्ही राज्यांच्या सीमेवरच्या कुठल्याही नाक्यावर ती तपासली जात असल्याचं सहसा दिसत नाही.

मडगावची ती सकाळ

हे असं का झालं, ते समजायला २०१८ च्या जुलैत जावं लागतं. १२ जुलैला पहाटे गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पथकाने मडगावच्या घाऊक मासळी बाजारात तपासणी केली. जागेवरच्या चाचणीत काही नमुन्यांत फॉर्मेलिन दिसलं. प्रेत टिकवायला वापरतात ते रसायन आपल्या ताटात, या एका वाक्याने गोवा हादरला. नंतर प्रयोगशाळेचा अहवाल आला की प्रमाण मर्यादेत आहे, आणि गोंधळ निवळायच्या ऐवजी दुप्पट झाला. ताज्या मासळीत फॉर्मेलिन घालायला मुळात परवानगीच नाही, मग मर्यादा कसली? विरोधकांनी हा प्रश्न विधानसभेपासून रस्त्यापर्यंत नेला. त्याच महिन्यात मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी परराज्यातून येणाऱ्या मासळीवर बंदी जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये इन्सुलेटेड गाडी आणि प्रशासनाकडची नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा सिंधुदुर्ग आणि कारवारकडच्या छोट्या विक्रेत्यांच्या गाड्या पत्रादेवी आणि पोळेच्या नाक्यांवर अडल्या. मालवणच्या मासळीला गोव्याची वाट बंद म्हटल्यावर सिंधुदुर्गात राजकारणही पेटलं. एका रसायनाने दोन राज्यांना समोरासमोर आणलं.

यात खरं किती? फॉर्मेलिन वापरलं जातं, ही अफवा नाही. केरळने त्याच वर्षी 'ऑपरेशन सागर राणी' मोहिमेत तपासणी नाक्यांवर हजारो किलो मासळी पकडून नष्ट केली होती. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या त्याच सुमारास बाजारात आणल्या, त्याही गरज होती म्हणूनच.

पण 'मर्यादेत' हा शब्द जितका हास्यास्पद वाटला तितका तो नव्हता. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतंच. मासा मेल्यावर ते मोडतं. जिवाणूंनी मोडलं तर ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं. मासळीबाजाराचा जो ओळखीचा वास, तो याचा. माशाच्याच अंगातल्या विकरांनी मोडलं तर थोडं फॉर्मल्डिहाइड तयार होतं. बोंबलात तर ते इतर माशांच्या मानाने बरंच असतं, कुणी एक थेंबही न घालता. म्हणून पुढे एफएसएसएआयने नैसर्गिकरीत्या होणाऱ्या फॉर्मल्डिहाइडसाठी वेगळ्या मर्यादा ठरवल्या. हे सगळं त्या वेळी नीट कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

या प्रकरणाने एक सवय मात्र लावून ठेवली. मासळी सुरक्षित की नाही, हा प्रश्न 'फॉर्मेलिन आहे की नाही' एवढ्यावर आला. पट्टीचा रंग बदलला नाही की गाडी सोडायची. आणि दुकानदार जर फॉर्मेलिन वापरत नसेल, पण बर्फही पुरेसा घालत नसेल, तर त्याची गाडी पट्टीच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होते.

बांगड्याची 'ॲलर्जी'

ज्या घरात मासळी शिजते, त्या घरात एखादा माणूस असा निघतोच, ज्याला "बांगडा चालत नाही". चौकशी केली तर गोष्ट साधारण सारखी असते. एकदा जेवण झाल्यावर अर्ध्या तासात तोंड लालबुंद झालं, कान तापले, डोकं ठणकलं, छाती धडधडली, अंगावर पित्त उठलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासा-दोन तासांत उतरलं. निदान: माशांची ॲलर्जी. त्यानंतर आयुष्यभर त्या माणसाच्या ताटात बांगडा नाही.

यातली काही प्रकरणं खरी ॲलर्जी असतात. पण बरीच ॲलर्जी नसतातच. ती हिस्टामिनची विषबाधा असते. बांगडा, कुपा, सुरमई, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा जिवंत असताना त्याच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत काही जिवाणू असतात. मॉर्गानेला मॉर्गानी हा त्यातला मुख्य. मासा मेला आणि उन्हात, गरम फळीवर, बर्फाविना पडून राहिला की हे जिवाणू भराभर वाढतात, आणि त्यांचं विकर हिस्टिडिनचं हिस्टामिन करत सुटतं. आपल्या शरीरात ॲलर्जी होते तेव्हा आपलंच शरीर जे द्रव्य सोडतं, तेच हे हिस्टामिन. इथे ते तयार माशातूनच पोटात जातं. म्हणून लक्षणं हुबेहूब सारखी, औषधही तेच, आणि डॉक्टरांची फसगतही त्यामुळेच.

फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. एकाच कालवणातून जेवलेल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास झाला, किंवा ज्याला झाला त्याने पूर्वी शंभर वेळा बांगडा पचवला होता, तर ॲलर्जीपेक्षा हिस्टामिनचा संशय आधी घ्यायला हवा. खाताना जिभेला मिरीसारखी झणझण लागली असेल तर आणखीच. अर्थात आपल्या तिखटात ती झणझण लपून जाते, हा भाग वेगळा.

या विषाची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ते शिजवून जात नाही. उकळा, तळा, फ्रीजरमध्ये घाला, व्हिनेगरात मुरवा. जिवाणू मरतील, हिस्टामिन राहील. आणि एकदा का जिवाणूंचं विकर माशात तयार झालं, की नंतर बर्फ घालूनही ते थोडंथोडं काम करत राहतं. म्हणजे पहिले काही तास महत्त्वाचे. पाणी किंवा हवा २८ अंशांच्या वर असेल तर मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं मार्गदर्शन सांगतं. आपल्या समुद्राचं पाणी एप्रिल-मेमध्ये याच्या वरच असतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने अशा माशांसाठी किलोमागे २०० मिलिग्रॅम हिस्टामिनची सुरक्षा-मर्यादा घातली आहे. ती ओलांडलेला बांगडा डोळ्याने ओळखता येईलच असं नाही. कुजण्याचा वास आणि हिस्टामिन वेगवेगळ्या जिवाणूंच्या करामतीने होतात. वास यायच्या आधी हिस्टामिन चढलेलं असू शकतं.

उलट चांगला बर्फ मिळाला तर हाच बांगडा आठवडाभरही खाण्याजोगा राहतो. त्यामुळे 'आंध्राचा मासा' किंवा 'केरळचा मासा' म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. चार दिवसांपूर्वीचा पण पहिल्या तासापासून बर्फात असलेला काकीनाड्याचा मासा, सकाळीच धरून दुपारपर्यंत मोटरसायकलच्या मागच्या टोपलीत तापलेल्या आपल्या गावच्या माशापेक्षा निर्धोक असू शकतो. सीमाभागात हे कुणाला आवडणार नाही. ताजं म्हणजे आपलं, शिळं म्हणजे परक्याचं, ही समजूत घट्ट आहे.

मिठाचं पाणी, गोडं पाणी

हिस्टामिनच्या जोडीला दुसरं नाव घ्यावं लागतं ते व्हिब्रिओचं. पटकीचा जिवाणू याच घराण्यातला. त्याचा भाऊ व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस खाऱ्या पाण्यात राहतो आणि मासे, कोळंबी, तिसऱ्या यांच्याबरोबर घरी येतो. १९५० मध्ये जपानच्या ओसाकात छोट्या सुक्या माशांतून २७२ जण आजारी पडले, त्यातले २० गेले. त्या साथीत हा जिवाणू प्रथम सापडला. आपल्या देशाशी त्याचं नातं अधिक जवळचं आहे. १९९६ मध्ये कोलकात्यात त्याचा जो नवा वाण आढळला, तो पुढे जगभर पसरला.

अनुकूल उष्णता मिळाली तर हा दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. पण त्याचे दोन कच्चे दुवे आहेत. तो शिजवल्यावर टिकत नाही, आणि त्याला गोडं पाणी सोसत नाही. नळाच्या पाण्याखाली मासा नीट धुणं ही आजीची सवय म्हणूनच शास्त्रशुद्ध. धोका असतो तो शिजवलेल्या पदार्थाला कच्च्याचा हात लागण्यात: ज्या विळीवर मासा कापला तिच्यावरच कांदा-कोथिंबीर चिरली, ज्या ताटलीत मसाला लावून ठेवला तिच्यातच तळलेले तुकडे काढले. पोट बिघडतं, आणि दोष बिचाऱ्या माशावर जातो.

बंदरात मात्र उलटं चित्र दिसतं. पुष्कळ ठिकाणी धक्क्यालगतच्या पाण्याने मासळी आणि पाट्या धुतल्या जातात. त्या पाण्यात गावाची गटारं येतात. समुद्रातून स्वच्छ आलेला मासा जमिनीला पाय लावताच मैला अंगाला फासून घेतो.

आता त्या किड्याबद्दल

बांगड्याच्या कल्ल्यात जो पांढरट, झुरळाच्या पिल्लासारखा जीव सापडतो, तो बहुतेक वेळा नोरिलेका इंडिका या जातीचा असतो. खेकडा-कोळंबीच्याच विस्तारित कुळातला. माशाच्या कल्ल्यात घर करून त्याचं रक्त पिणारा. भारताच्या किनाऱ्यावर बांगड्यात तो नेहमी सापडतो. याच्या नात्यातला एक भाऊबंद तर माशाच्या जिभेला चिकटून, ती वाळवून, स्वतःच जीभ होऊन बसतो. बघायला किळसवाणं आहे, पण माणसाला याच्यापासून आजार होत नाही. किडा काढून टाकायचा, कल्ला फेकायचा, मासा शिजवायचा. उलट किडा जिवंत वळवळत असेल तर मासा नुकताच आलेला आहे, असंही कुणी म्हणू शकेल. विक्रेत्यांनी हा मुद्दा अजून वापरलेला नाही एवढंच.

पोटात, काळजावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी करून बसलेला पातळ पांढरा जंत दिसला तर तो ॲनिसाकिस किंवा त्याचा नातलग असू शकतो. हा माणसाला बाधतो, पण कच्चा मासा खाल्ला तरच. जपान, स्पेन या देशांत त्याची डोकेदुखी मोठी आहे. आतून ६० अंशांपर्यंत तापलेल्या माशात तो मिनिटभरात मरतो, आणि आपलं कालवण तर खदखदून उकळतं. उणे २० अंशांत पुरेसा वेळ गोठवला तरी मरतो. कच्चा वाढायचा मासा आधी गोठवून घ्यावा, असा नियम म्हणूनच युरोप-अमेरिकेत आहे. ज्यांना या जंताची ॲलर्जी जडते त्यांना मेलेलाही त्रास देऊ शकतो, पण असे लोक थोडे. मासा आणल्याबरोबर साफ करून आतडी काढून टाकावीत, कारण मासा पडून राहिला की जंत आतड्यांतून मांसाकडे सरकू शकतात.

शिजवून खाणाऱ्या समाजाला माशातल्या जंताची भीती फार नाही. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातला मासा कच्चाच कालवून खायची रीत आहे. तिथे माशातून आलेला यकृताचा चपटा जंत पित्तनलिकेच्या कर्करोगाला कारण ठरतो, आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला कर्करोगजनक ठरवलं. सिंगापूरला २०१५ मध्ये गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशाच्या कापांतून स्ट्रेप्टोकोकसची साथ आली, तेव्हा तिथल्या सरकारने हॉटेलांत तसा मासा कच्चा वाढणंच बंद केलं. आपल्याकडे अपवाद आता तयार होताहेत. गोव्याच्या किनारी भागात सुशी मिळते, कच्ची कालवं लिंबू पिळून वाढली जातात. हैदराबादला मृगाच्या सुरुवातीला दम्यासाठी जिवंत मरळाचं पिल्लू औषधासह गिळायची जुनी प्रथा आहे, आणि तिथे रांगेत मराठी कुटुंबंही उभी असतात. कच्च्या मरळातून नॅथोस्टोमा नावाचा जंत माणसात जाऊ शकतो, हे थायलंडच्या अनुभवावरून वैद्यकाला पक्कं ठाऊक आहे. प्रथेबद्दल ज्याने त्याने ठरवावं. पण रांगेत मूल घेऊन उभं राहणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याच्या अंगावर लाल जखमा दिसल्या तर लोक 'महारोग' म्हणून दचकतात. तो रोग बुरशीसारख्या ॲफॅनोमायसिस नावाच्या जीवाचा. १९८८ च्या सुमारास बांगलादेशातून ईशान्य भारतात आला आणि देशभर तळ्यांत पसरला. माणसाला तो होत नाही; जखम झालेला मासा मात्र इतर जिवाणूंचं आगर असतो, तेव्हा तो घेऊच नये. मत्स्यतळ्यांत त्याहून काळजीची गोष्ट माशांच्या उवेची आहे. ऊ माणसाला काही करत नाही, पण ती मारायला तळ्यात शेतीचं कीटकनाशक ओतलं जातं. किडा निरुपद्रवी, उपाय विषारी. गाडी नाक्यावर आल्यावर या कीटकनाशकासाठीही पट्टी नसते.

परदेशाला वेगळा मासा

आपल्याला हे जमत नाही असं म्हणायला जागा नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात बंद केली. परकीय चलनाचा प्रश्न आला तसा देश खडबडून जागा झाला. प्रक्रिया कारखान्यांत धोका कुठे निर्माण होतो ते टप्प्याटप्प्याने शोधून तिथेच अडवण्याची पद्धत आली, पाण्याची-बर्फाची तपासणी आली, तापमानाच्या नोंदवह्या आल्या. आज युरोपला जाणाऱ्या बांगड्याची, कुप्याची हिस्टामिनसाठी चाचणी होते. त्यात नापास झालं तर माल परत येतो, कारखान्याची मान्यता धोक्यात येते.

त्याच बंदरात, त्याच नौकेतून उतरलेला उरलेला बांगडा आपल्या बाजारात येतो तेव्हा यातलं काहीही होत नाही. एकाच जाळ्यातल्या दोन माशांना दोन कायदे. खरं तर कायदा एकच आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, तिन्ही राज्यांना लागू. त्याच्या नियमांत अन्नाला लागणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्राने खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग घालणं सक्तीचं केलं, तेही याचसाठी. मासळीच्या पेटीतला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे बाजारात उभं राहून विचारलं तर हसतात.

अंमलबजावणीची गंमत पुढे आहे. वेंगुर्ल्यात किंवा मालवणात मासळी उतरते तेव्हा ती महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हद्दीत असते. आंबोली चढून बेळगावला आली की कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाच्या. तीच चोर्ला घाटाने गोव्यात उतरली की गोव्याच्या. प्रत्येक विभाग आपल्या हद्दीतल्या दुकानाचा परवाना बघतो. मासा कधी धरला, कधी बर्फात गेला, वाटेत किती वेळ उघडा राहिला, हा इतिहास घाटात सांडून जातो. पेटीवर पकडल्याची तारीख लिहायची साधी सक्ती तिन्ही राज्यांनी मिळून केली, तर निम्मा प्रश्न उजेडात येईल. आणि माशाच्या पोटात खुपसून तापमान दाखवणारा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. फॉर्मेलिनच्या पट्टीबरोबर तो नाक्यावर दिला तर पट्टीने जे दिसत नाही ते तो सांगेल. मासा चार-पाच अंशांच्या वर तापलेला असेल तर कागदपत्रं कितीही चोख असोत, गाडीकडे संशयाने बघायला हवं.

मोजणीचाही प्रश्न आहे. एका घरातल्या तिघांना बांगड्याने त्रास झाला आणि गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन ते घरी गेले, तर त्याची नोंद कुठेही होत नाही. लग्नाच्या जेवणात शंभर जण पडले तरच बातमी होते. अन्नातून विषबाधा झाल्याचं डॉक्टरांनी कळवावं, अशी अधिसूचना काढण्याचा अधिकार याच कायद्याच्या ३५ व्या कलमाने दिलेला आहे. तो वापरला तर सीमाभागात मासळीने किती लोक आजारी पडतात, हे निदान कळेल तरी. सध्या 'ॲलर्जी' या एका शब्दात सगळं बुडून जातं.

पाटीमागचे हात

या सगळ्या चर्चेत गिऱ्हाईक असतं, अधिकारी असतो, व्यापारी असतो. पहाटे चारपासून गारठलेल्या पाण्यात हात घालून बसलेली बाई नसते. माशाचा काटा बोटात घुसणं तिच्यासाठी रोजचं. त्या भोकातून एरिसिपेलोथ्रिक्स नावाचा जिवाणू शिरला तर बोट जांभळं होऊन ठणकतं. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला मासळी हाताळणाऱ्यांचा रोग असंच नाव आहे. दुसरा, क्षयाच्या जिवाणूचा भाऊबंद मायकोबॅक्टेरियम मरिनम. तो हळूहळू गाठी करत बोटावरून कोपराकडे चढतो. महिनोनमहिने मलमं लावून होतात, आणि मग कुणीतरी विचारतं, "बाई, तू काम काय करतेस?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला तर निदान लवकर होतं. उपचार तरीही काही महिने घ्यावे लागतात.

आणि व्हिब्रिओ वल्निफिकस. खाडीच्या कोमट, निमखाऱ्या पाण्यातला हा जिवाणू निरोगी माणसाच्या वाटेला फारसा जात नाही. मधुमेह असलेल्या किंवा यकृत दारूने खराब झालेल्या माणसाच्या जखमेत गेला तर तासांत हात सुजून काळा पडू शकतो. रक्तात उतरला तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. किनाऱ्यावर मधुमेह आणि दारू, दोन्ही कमी नाहीत. कच्ची कालवं अशा माणसाने खाऊच नयेत. पाटीमागे बसणाऱ्यांना जाड रबरी हातमोजे, बाजारात वाहतं गोडं पाणी आणि जखम धुवायला साबण, एवढ्या तीन गोष्टी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात कुठे बसतात, हे त्या त्या गावच्या नगरसेवकाला विचारण्यासारखं आहे. बाजारकर मात्र पाटीमागे रोज वसूल होतो.

बाजार बसतो तेव्हा पहिला फटकाही हिलाच. २०१८ मध्ये गोव्यात, पाठोपाठ सिंधुदुर्गात आणि कारवारात, फॉर्मेलिन कधी हातानेही न शिवलेल्या बायकांच्या पाट्या दिवसचे दिवस भरलेल्या राहिल्या. घाऊक व्यापाऱ्याला थंड गोदाम होतं. हिच्याकडे गोणपाट आणि उरलेला बर्फ.

१ ऑगस्टला मालवण, मालिम, कारवारच्या नौका पुन्हा सुटतील. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला जाईल. श्रावण पाळणारी घरं आणखी काही दिवस थांबतील, बाकीची थांबणार नाहीत. पहिल्या खेपेचा बांगडा घाट चढून बेळगावच्या कॅम्पातल्या बाजारात येईल तेव्हा कल्ला उचलून बघणारे तेच असतील, आणि पाटीतला बर्फ अर्धा वितळलेला असेल. बर्फाच्या पाण्यात हात घालून बघा, कोमट लागलं तर पुढच्या पाटीकडे जा. आणि घरात कुणाला बांगड्याने तोंड लाल झालं, तर डॉक्टरांना एवढं सांगा की तोच मासा आणखी कुणी खाल्ला, कुठून आणला होता आणि किती वाजता.